आरोपीच्या बाकामागे बसणाऱ्या मैत्रिणी



या अंकातला एक लेख छापायचा की नाही यावरून आपल्या संपादक मंडळात भांडण झाले. भांडण हा शब्द मुद्दाम वापरते आहे. मतभेद म्हटले की सगळे सभ्य वाटते, पण त्या संध्याकाळी चहा कपांतच गार झाला आणि दोघीजणी एकमेकींशी न बोलता घरी गेल्या. लेख आहे एका विधी विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणीचा. ती वकील नाही. माझ्यासारखीच समाजकार्याचे शिक्षण घेतलेली आहे. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या गावी जायचे, त्यांच्या आयुष्याची माहिती गोळा करायची आणि ती कोर्टापुढे यावी म्हणून धडपडायचे, हे तिचे काम. या कैद्यांत बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले कितीतरी जण आहेत.

लेख वाचून आपल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी पोरींना घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढतेय. उलटतपासणीत पोरगी कोसळते तेव्हा तिला पाणी मी देते. आता त्या माणसाचं बालपण किती हालात गेलं हे मी आपल्याच अंकात वाचायचं? तसं असेल तर माझं नाव मंडळातून काढा."

लेख आम्ही छापला आहे. ताईंचे नाव काढलेले नाही, आणि त्यांनीही पुन्हा तसे म्हटलेले नाही. पण त्यांच्या प्रश्नाला त्या संध्याकाळी मला उत्तर देता आले नाही. हे संपादकीय म्हणजे ते उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. ताईंना ते पटेल असे नाही.

आधी ही माणसे कोण आणि करतात काय ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याचजणींना त्याची नीट कल्पना नाही. क्लिनिक म्हटले की दवाखाना आठवतो, आणि शब्द आलाही तिथूनच. वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहून शिकतो, तसे कायद्याच्या विद्यार्थ्याने खऱ्याखुऱ्या पक्षकाराजवळ बसून शिकावे ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे लॉ कॉलेजात विधी साहाय्य कक्ष असावा असा नियमच आहे. तो बहुतेक ठिकाणी कसा असतो ते आपण पाहिले आहे. एक कुलूपबंद खोली, दारावर पाटी, आणि वर्षातून एकदा एखाद्या गावात शिबिर. 'महिलांचे कायदेशीर हक्क' या विषयावर तासभर भाषण होते आणि पाहुणे चारच्या एसटीने परत जातात. अशा शिबिरांच्या सतरंज्या आपणही अंथरल्या आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही. अडचण खरीही आहे. विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहता येत नाही आणि पूर्णवेळ शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वकिलीवर बंधने असतात. तेव्हा क्लिनिकला खरेच खटले लढवायचे असतील तर पगारी वकील ठेवावे लागतात, घरोघरी फिरणारी माणसे ठेवावी लागतात, आणि त्यासाठी पैसा उभा करावा लागतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात असे काम उभे राहिले. त्याची सुरुवात २०१३ साली एका अभ्यासाने झाली. देशात फाशीची शिक्षा झालेले कैदी आहेत तरी कोण, हे कोणालाच धड माहीत नव्हते, सरकारलाही नाही. विद्यार्थी तुरुंगातुरुंगांत गेले, कैद्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलले. अभ्यासाच्या काळातल्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांची माहिती त्यांनी गोळा केली. २०१६ साली अहवाल आला. त्यातून दिसले की शंभरातले चौऱ्याहत्तर जण आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते, आणि मागास जातीजमाती व धार्मिक अल्पसंख्याक मिळून शंभरातले शहात्तर. या कैद्यांत १२ बायका होत्या, आणि त्या बाराही जणी मागास जातींतल्या नाहीतर अल्पसंख्याक समाजांतल्या. हा शेवटचा तपशील स्त्री-चळवळीत जितका बोलला जायला हवा होता तितका बोलला गेला नाही, असे मला वाटते.

अभ्यास करणारे अभ्यासावर थांबले नाहीत. ते कैद्यांची वकीलपत्रे घेऊ लागले. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकणाऱ्या घटनेतल्या ३९ अ कलमावरून त्यांनी आपल्या कामाला 'प्रोजेक्ट ३९ ए' हे नाव दिले. आता हेच काम हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात 'स्क्वेअर सर्कल क्लिनिक' या नावाने चालते. तिथे वकील आहेत, संशोधक आहेत, मानसशास्त्र शिकलेले आहेत, आणि समाजकार्यकर्ते आहेत. पुण्याच्या येरवडा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांतल्या कच्च्या कैद्यांसाठीही त्यांचे काम आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

फाशीच्या खटल्यात हे लोक नेमके काय करतात? आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची याची वेगळी सुनावणी व्हावी असे कायदा सांगतो. १९८० सालच्या बचनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फाशी देण्याआधी गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करा. त्याचे वय, त्याची परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता, सगळे पाहा. कागदावर हे फार चांगले आहे. प्रत्यक्षात सकाळी दोषी ठरवायचे आणि दुपारी शिक्षा सुनवायची, आणि मधल्या वेळात आरोपीच्या वकिलाने 'वय कमी आहे, घरी म्हातारी आई आहे' एवढी दोन वाक्ये बोलायची, असे कित्येक खटल्यांत झाले आहे. २०२२ सालच्या मे महिन्यात मनोज खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावून सांगावे लागले की खालच्या कोर्टांनीच ही माहिती मागवावी, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल घ्यावा, मानसिक तपासणी करून घ्यावी.

ही माहिती गोळा करणे म्हणजे आपल्या मैत्रिणीचे काम. इंग्रजीत त्याला मिटिगेशन म्हणतात आणि ती मंडळी बोलतानाही तोच शब्द वापरतात. शिक्षा सौम्य व्हावी अशी जी काही परिस्थिती त्या माणसाच्या आयुष्यात असेल ती शोधून काढायची. काम फार किचकट आहे. आधी तुरुंगात भेटीची परवानगी मिळवायची. भेटीच्या वेळी शिपाई ऐकू जाईल इतका जवळ उभा राहू नये म्हणून वेगळी विनंती करायची. मग कैद्याच्या गावी. पहिल्या भेटीत घरचे दार उघडत नाहीत, कारण आजवर त्या दारात पोलीस नाहीतर वार्ताहरच आले. दुसऱ्या भेटीत वडील बोलतात आणि बायका आतल्या खोलीत राहतात. आपली मैत्रीण सांगत होती की एका घरी ती सहाव्यांदा गेली तेव्हा कैद्याची बहीण तिला सोडायला म्हणून फाट्यापर्यंत आली आणि एसटीची वाट बघता बघता घरातली खरी गोष्ट बोलली. मी विचारले, "काय बोलली?" ती म्हणाली, "ते तुला कसं सांगू?" बरोबरच आहे. आपणही आपल्या केसपेपरातले असे कोणाला सांगत नाही.

शाळेचे रजिस्टर, दवाखान्याचे कागद, वीटभट्टीवरच्या उचलीची वही, अंगणवाडीतली नोंद, जे जे सापडेल ते. पुण्यातल्या खटल्याचे उदाहरण देते, कारण तो आपल्या जवळचा आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरात सात जणांचे खून झाले. पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन मुले. मी तेव्हा बालवाडीत जात असेन. दाराला साखळी लावायची, अनोळखी माणसाला आत घ्यायचे नाही, हे आमच्या घरी त्या घटनेनंतर सुरू झाले असे आई सांगते. या खटल्यात दोघांना फाशीची शिक्षा झाली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यातल्या एकाचे वय कोर्टाच्या कागदांत वीस-बावीस लिहिलेले होते, आणि नावही चुकीचे. क्लिनिकच्या लोकांनी त्याचे काम हाती घेतले आणि राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेतली नोंद पुढे आणली. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नोंद मान्य केली आणि तो सुटला. कायद्याने ज्याला तीन वर्षांपेक्षा जास्त अडकवून ठेवता येत नव्हते, त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि त्यातली बरीचशी वर्षे फाशीच्या सावलीत.

ही हकीकत मी बैठकीत सांगितली तेव्हा ताईंनी लगेच विचारले, "आणि त्या पाच बायका?" प्रश्न रास्त आहे. साडेबारा वर्षांचा असला म्हणून त्या बायका परत येत नाहीत. त्यांच्यामागे राहिलेल्यांनी ही बातमी कशी वाचली असेल याचा विचार माझ्याही मनातून जात नाही. पण मला एक विचारावेसे वाटते. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, एवढ्या पायऱ्या चढून गेलेल्या खटल्यात आरोपीचे खरे नाव आणि वय कोणाला लागले नाही. त्या तपासाला आपण त्या पाच बायकांसाठी मिळालेला न्याय म्हणायचे का?

नाशिकचे उदाहरण याहून बोलके आहे. २००३ सालच्या जून महिन्यात नाशिकजवळ एका झोपडीत दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. आई जखमी होऊन वाचली. काही दिवसांतच या बाईने पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखून दाखवले. तशी नोंदही झाली. त्या चौघांवर खटला चालला नाही. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्यांच्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता असे निघाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले, आणि तपास करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितले. सोळा वर्षे गेली होती.

या निकालात मला सगळ्यात जास्त टोचले ते हे की त्या बाईने सुरुवातीलाच सांगितलेले कोणी ऐकले नव्हते. बाईच्या जबानीला किंमत द्या म्हणून आपण चाळीस-पंचेचाळीस वर्षे ओरडतो आहोत. इथे तिची जबानी पोलिसांच्याच कागदांत दाबून ठेवलेली होती, आणि ती अखेर कोर्टापुढे लख्ख आली ती आरोपींच्या बाजूने खटला उलगडला गेला तेव्हा. आरोपीचा वकील नीट काम करतो तेव्हा नेहमी बाईच्या विरुद्धच करतो, असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते.

ताईंचे म्हणणे मी हलके करते आहे असे वाटू नये. आरोपीच्या वकिलाने बाईचे काय केले हे आपण पाहिलेले आहे. आपली चळवळ उभीच राहिली ती अशा एका निकालातून. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरेवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिला 'सवय' होती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या पत्रावरून मुंबईत, पुण्यात, नागपुरात मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. हे चौघे कोण होते? कायद्याचे शिक्षक. म्हणजे आपली पहिली मोठी लढाई लॉ कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीतून पेटली. त्यांनी आरोपी सुटल्याचा जाब विचारला होता, हे खरे. पण न्यायालयाने गरीब आदिवासी मुलीचे आयुष्य समजूनच घेतले नाही, हा त्या पत्राचा गाभा होता. आज त्यांचेच नातवंडांच्या वयाचे विद्यार्थी तोच जाब वेगळ्या बाकावरून विचारत आहेत असे मला वाटते. ताईंना नाही वाटत.

कायदा बदलला त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली होती, ती आपण विसरून गेलो. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या १५ बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली, आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. देसाई यांना तुरुंगात जाऊन, दुसरे कोणीही हजर नसताना बायकांशी बोलून अहवाल द्यायला सांगितले. फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल आला. कोठडीतल्या बाईची चौकशी स्त्री पोलिसांच्या समोरच व्हावी, बायकांसाठी वेगळी कोठडी असावी, अटक झालेल्या माणसाला वकिलाची मदत मिळावी, यातल्या कितीतरी गोष्टी त्या निकालात आहेत. समाजकार्य शिकलेली बाई कैद्याशी बोलायला तुरुंगात जाते ही आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची जुनी गोष्ट आहे. आपल्या मैत्रिणीने काही नवे खूळ काढलेले नाही.

१९८७ चा विधी सेवा कायदा एकदा उघडून बघा. मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी त्याच्या बाराव्या कलमात आहे. तिथे उत्पन्न न बघता मदत मिळणाऱ्यांत बाई आहे आणि कोठडीतला माणूसही आहे. एकाच यादीत दोघे.

आता येरवडा आणि नागपूरकडे येते. फाशीचे खटले वर्तमानपत्रात येतात, कच्च्या कैद्यांचे येत नाहीत. पण आपल्याला शिकण्यासारखे तिथेच जास्त आहे. तिथे वकील आणि समाजकार्यकर्ते मिळून काम करतात, कारण गरीब कैदी नुसत्या कायद्याच्या मुद्द्यावर अडलेला नसतो. कोर्ट जामीन मंजूर करते, पण जामीनदार कुठून आणायचा? रेशनकार्ड नाही, भाडेपावती नाही, ज्याच्याकडे सातबारा आहे तो चुलता तोंड फिरवतो. मग हजार कोसांवरच्या घरी निरोप पाठवायचा, रोख जामिनाची नाहीतर जातमुचलक्याची विनंती करायची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे की जामीन मिळूनही कैदी आठवड्याभरात सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. कळवल्यानंतर जी पायपीट करायची ती कोणी करायची, तर ही माणसे करतात.

आणि ही पायपीट शेवटी येऊन थांबते ती एखाद्या बाईच्या दारात. तुरुंगाच्या बाहेर मुलाखतीच्या रांगेत कधी उभ्या राहिला आहात का? पिशवीत बिस्किटपुडा आणि साबण घेतलेल्या आया, तान्ही पोरे कडेवर घेतलेल्या बायका. त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. नवरा आत गेल्यावर घर तिने चालवायचे, वकिलाची फी तिने उभी करायची, आणि वस्तीत 'खुन्याची बायको' म्हणून तोंडही तिनेच दाखवायचे. याउलट बायकांच्या बराकीतल्या कैदी बाईला भेटायला कोण येते? बाई आत गेली की सासर तुटते, माहेर तुटते, मुलांचे काय झाले ते तिला कळत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हे काम मुंबईत करतो आहे, आणि त्यांच्या कार्यकर्त्यांकडून मी विद्यार्थिदशेत जे ऐकले ते अजून विसरले नाही. स्त्री-संघटना म्हणून आपण माहेरी टाकलेल्या बायांबरोबर राहिलो, तुरुंगात टाकून दिलेल्या बायांकडे मात्र आपले जाणे कमीच झाले. हा आपला दोष आहे, क्लिनिकचा नाही.

फाशीबद्दल वेगळे लिहायची गरज आहे असे मला वाटत नाही, पण नव्या वाचकांसाठी सांगते. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर देश फाशी मागत होता तेव्हा अनेक स्त्री-संघटनांनी वर्मा समितीला फाशी नको असे कळवले, आणि जानेवारी २०१३ च्या अहवालात समितीनेही बलात्कारासाठी फाशी सुचवली नाही. सरकारने ऐकले नाही. २०१३ मध्ये काही प्रकारांसाठी, २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलींच्या बाबतीत, अशी फाशी वाढतच गेली. आपल्या राज्यानेही २०२१ च्या डिसेंबरात शक्ती विधेयक मंजूर केले, त्यात फाशी होती. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. आपण विरोध केला तो बलात्काऱ्याच्या प्रेमाने केला नव्हता. गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचा असतो, घरातला असतो. त्याला फाशी होईल म्हटले की पोरीवर तक्रार न करण्याचा दबाव वाढतो, हे आपण वस्त्यांमध्ये रोज बघतो. बैठकीत मी हे ताईंना ऐकवले तर त्या म्हणाल्या, "मलाही फाशी नकोच आहे. पण म्हणून त्याचं ओझं मी का वाहू?"

तेव्हा निदान ते ओझे वाहणाऱ्यांना गद्दार म्हणू नये, एवढेच माझे मागणे आहे. आपली मैत्रीण जिथे भाड्याने राहते तिथल्या मालकीणबाईंना तिने 'कॉलेजात शिकवते' असे सांगून ठेवले आहे. वडील विचारतात, "एवढं शिकून तुला हेच लोक सापडले?" प्रकल्पाचा निधी असेल तोवर पगार. खटला हरला तर पहिला फोन कैद्याच्या आईला हिनेच करायचा. मला हे वाचताना आपल्याच संघटनेतल्या मुली दिसत होत्या. घरी काय काम करतो ते धड न सांगणाऱ्या.

पण या कामावर माझे आक्षेप आहेत आणि ते मी तिच्या तोंडावर सांगितले आहेत. पहिला असा, की पुरुषाच्या आयुष्याची करुण कहाणी सांगताना दोष फार चटकन बाईच्या पदरात पडतो. आईने लहानपणी सोडले. सावत्र आईने छळले. बायको नांदायला तयार नव्हती. आई का सोडून गेली? बाप काय करत होता? बायको मार खाऊन माहेरी गेली होती का? हे विचारले नाही तर गुन्हेगाराच्या शिक्षेत सूट मिळवताना आपण आणखी एका गरीब बाईला कोर्टाच्या कागदांवर कायमचे गुन्हेगार करून ठेवतो. मैत्रीण गप्प बसली, मग म्हणाली की ही चूक तिने सुरुवातीला एका अहवालात केली होती आणि ते वाक्य तिला अजून रात्री आठवते. या अंकातल्या लेखात तिने ते लिहिले आहे. मी तो लेख छापायचा हट्ट धरला तो त्या परिच्छेदासाठी.

दुसरा आक्षेप क्लिनिकपेक्षा सगळ्या विधी विद्यापीठांवर आहे, आणि थोडा आपल्यावरही. २००८ साली नागपुरात चार वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्या खटल्यातली फाशी २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली. दोष कायम राहिला, पण मनोज निकालाप्रमाणे शिक्षेची सुनावणी नव्याने व्हावी असे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने मला तो निकाल बरोबर वाटतो. सतरा वर्षांनी. अशा निकालाच्या दिवशी मुलीच्या घरी कोण जाते? पुन्हा सुनावणी का, आता काय होणार, हे त्या आईला तिच्या भाषेत कोण समजावून सांगते? सरकारी वकील सरकारचा असतो. पीडितेच्या बाजूने सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकील देण्याची सोय कायद्यात आहे, पण तो परवडतो कोणाला? मुंबईत 'मजलिस'ने २०११ पासून 'राहत'मधून तक्रारदार बायामुलींबरोबर राहण्याचे काम केले, अशी आणखी किती नावे घेता येतील? कैद्याच्या घरी सहा वेळा जाणारी माणसे विधी विद्यापीठ तयार करू शकते, तर मेलेल्या मुलीच्या घरी सहा वेळा जाणारी का नाही करू शकत? आणि आपण तरी जातो का? निकाल लागेपर्यंत आपण पायऱ्यांवर असतो. घोषणा होतात, फोटो होतात, मग पुढची केस येते. अपिलात काय झाले हे आपल्या फायलींत क्वचितच लिहिलेले सापडते. हे लिहिताना मी आपल्या कार्यालयातल्या जुन्या फायली काढून बघितल्या, म्हणून सांगते.

बैठकीनंतर पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. लेखाबद्दल अवाक्षर नाही. त्यांच्याकडच्या एका मुलीच्या केसमध्ये आरोपीला जन्मठेप झाली होती आणि आता उच्च न्यायालयात अपील लागले आहे. नोटीस घेऊन पोलीस मुलीच्या घरी गेला तेव्हा ती घाबरून मावशीकडे निघून गेली. "तुझी ती क्लिनिकवाली आहे ना," ताई म्हणाल्या, "तिला विचार, अपिलात पोरीला पुन्हा उभं राहावं लागतं का? आणि आरोपीचे वकील काय काय काढू शकतात ते आधीच सांगून ठेव म्हणावं." मी नंबर दिला. दोघी तासभर बोलल्या असे नंतर कळले. काय बोलल्या ते दोघींनीही मला सांगितलेले नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपल्या कार्यालयात या लेखावर चर्चा ठेवली आहे. मैत्रीण येणार आहे. ताईही येणार आहेत, पण त्यांची अट आहे की त्यांच्याबरोबर कोर्टात जाणाऱ्या दोन मुलींना आधी बोलू द्यायचे आणि त्या बोलत असताना मध्ये कोणी काही समजावून सांगायचे नाही. अट मान्य आहे. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी पत्र लिहावे. लेख छापायला नको होता असे वाटणाऱ्यांची पत्रे पुढच्या अंकात आधी छापू.